मान हलली म्हणजे होकार नव्हे

दिवाळी सरली की सोमेश्वरनगरचा परिसर गजबजू लागतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या उसाच्या फडांत कोयते चालू लागतात. बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा वजनकाट्याच्या दिशेने सरकू लागतात. आणि करंज्याच्या सोमेश्वराचे नाव धारण करणाऱ्या सहकारी साखर कारखान्याच्या आसमंतात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्यांची वस्ती चार-पाच महिन्यांसाठी उभी राहते. महाराष्ट्रातील कोणत्याही साखर कारखान्याच्या परिसरात याच दिवसांत हेच दृश्य दिसते. आणि या सर्व ठिकाणी, दवाखान्यात, बँकेत, शाळेत, शिधावाटप दुकानात, एक प्रसंग दिवसातून अनेकदा घडतो. टेबलामागचा माणूस भराभर काही सांगतो आणि शेवटी विचारतो, "कळलं ना, मावशी?" समोर उभी असलेली बाई डोक्यावरचा पदर पुढे ओढते, नजर जमिनीकडे वळवते आणि मान हलवते. कागद पुढे सरकतो, काम 'झाले' असे समजले जाते. ती बाई बाहेर येते आणि दाराशी भेटणाऱ्या पहिल्या ओळखीच्या माणसाला विचारते, "काय म्हणलं सायब?"

या दोन प्रश्नांच्या मध्ये जी मान हलली, तिचा अर्थ काय लावावयाचा? टेबलामागच्या माणसाच्या लेखी तो होकार होता. बाईच्या लेखी ती सुटका होती. "तुम्ही मोठे आहात, मागे रांग लागली आहे, मला पुन्हा विचारण्याचे धैर्य नाही, आता जाऊ द्या," इतके सारे त्या एका हालचालीत भरलेले होते. शब्द एकही खोटा बोलला गेला नाही, कोणाचा हेतूही वाईट नव्हता. तरीही गैरसमज पुरता झाला. देहाची भाषा हा व्यक्तिमत्त्व खुलविण्याचा किंवा मुलाखतीत छाप पाडण्याचा विषय आहे, असे अलीकडे मानले जाते. वस्तुतः तो प्रथम न्यायाचा विषय आहे. जेथे एक बाजू बसलेली आणि दुसरी उभी असते, तेथे उभ्या असलेल्या बाजूची देहबोली कोण वाचतो, कशी वाचतो आणि कोणाच्या सोयीने वाचतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

भाषेने जपलेला कोश

देह बोलतो, ही गोष्ट मराठी माणसाला परक्या शास्त्राने सांगावयास नको. नाक मुरडणे, भुवया उंचावणे, कपाळाला आठ्या घालणे, तोंडात बोट घालणे, कानावर हात ठेवणे, कानाडोळा करणे, हात झटकणे, हात टेकणे, पाठ फिरवणे, मान खाली घालणे, डोळे वटारणे: आपले निम्मे वाक्प्रचार म्हणजे हावभावांचा एक कोशच आहे. प्रत्येक हालचालीला समाजाने एक अर्थ ठरवून दिला आणि तो भाषेत साठवून ठेवला.

एकट्या अंगठ्याचीच कथा पाहावी. अंगठा दाखवणे म्हणजे ठेंगा दाखवणे, साफ नकार देणे. अंगठा लावणे म्हणजे सही करणे, म्हणजे होकार. आणि त्याबरोबरच निरक्षरतेची कबुलीही. शिधावाटप दुकानातील यंत्रावर तोच अंगठा टेकला की माणसाची ओळख पटते. मात्र जन्मभर कष्ट उपसून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांची ओळख यंत्रालाही कित्येकदा पटत नाही. आणि मोबाइलवरील संभाषणात उभ्या अंगठ्याचे चित्र धाडले की त्याचा अर्थ 'ठीक आहे, मान्य' असा होतो. एकच अवयव, पण नकार, संमती, निरक्षरता, ओळख आणि शाबासकी असे अर्थ तो प्रसंगाप्रमाणे वाहून नेतो. खूण स्वतः काहीच सांगत नाही. ती कोणी, कोणापुढे आणि कोणत्या प्रश्नावर केली, यावरच तिचा अर्थ ठरतो.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. यांपैकी शब्दांच्या वाट्याला केवळ एक आला. अंगाच्या हालचाली, वेशभूषा आणि मनातून आपोआप उमटणारे विकार यांना उरलेले तीन दिले गेले. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव तर मनाच्या खऱ्या अवस्थेतूनच प्रकटतात, असे मानले गेले. रंगभूमीसाठी केलेला हा विचार दैनंदिन व्यवहारालाही लागू पडतो. कचेरीत शिरणाऱ्या शेतमजुराचे बोलणे ऐकण्यापूर्वीच त्याचे धोतर, पायांतील वहाणा, दाराशी रेंगाळणे आणि दोन्ही हातांत धरलेली पिशवी ही सारी 'वाचून' झालेली असते. आवाज कापला, घाम फुटला, तर तेही वाचले जाते. पण ते भीतीमुळे की खोटेपणामुळे, हा निर्णय वाचणारा आपल्या मनाप्रमाणे करून मोकळा होतो.

आधुनिक शास्त्राने या विषयात पद्धतशीर चौकशी सुरू केली ती एकोणिसाव्या शतकात. चार्ल्स डार्विनने मनुष्य व प्राणी यांच्या भावप्रकटीकरणावरील आपला ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने जगाच्या निरनिराळ्या भागांतील अधिकाऱ्यांना आणि मिशनऱ्यांना एक प्रश्नावली धाडली होती. होकारासाठी मान वरखाली आणि नकारासाठी आडवी हलविली जाते काय, असा प्रश्नही तीत होता. उत्तरे एकसारखी आली नाहीत. भीती, शोक, आनंद यांच्या मुद्रा पुष्कळ अंशी सर्वत्र सारख्या आढळतात. पण होय-नाहीच्या खुणा माणूस आपल्या समाजात शिकतो. बल्गेरियात मानेच्या या दोन हालचालींचे अर्थ आपल्या उलट लावले जातात. आपल्याकडे मान दोन्ही खांद्यांकडे हलकेच डोलावली जाते. तिचा अर्थ 'होय' आहे, की 'ऐकतो आहे', की 'बघू', हे ठरविताना परदेशी पाहुण्याची तारांबळ उडते. परंतु ही तारांबळ केवळ परदेशी माणसाचीच उडते असे समजणे चुकीचे आहे. कोपीवरची भाषा आणि कचेरीची भाषा यांतील अंतर दोन देशांतील अंतराहून कधी कधी अधिक असते.

उपरण्याखालचा भाव

खुणांची भाषा निरागस असते, असाही एक समज आहे. महाराष्ट्रातील बाजारांचा इतिहास त्याला उत्तर देतो. गुरांच्या बाजारात दोन व्यापारी समोरासमोर उभे राहत, हातांवर उपरणे किंवा रुमाल टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. किती बोटे धरली, कशी दाबली, यावर आकडा ठरे. भोवती माणसांचा गराडा असे. पण सौदा कितीला झाला हे त्या दोघांखेरीज कोणाला कळत नसे. या रीतीला 'हत्ता' म्हणतात. धान्य, फळे, भाजीपाला यांच्या घाऊक बाजारांतही अडते आणि खरेदीदार यांच्यात हाच प्रकार चाले. या कलेचे कौतुक अनेकांनी केले आहे, आणि एका दृष्टीने ती कौतुकास्पद आहेही. शब्द न उच्चारता गुंतागुंतीची घासाघीस करणारी ती एक संपूर्ण भाषाच होती.

परंतु या भाषेत एक जण मुका ठरत असे, आणि तो म्हणजे मालाचा धनी. शेतकरी शेजारी उभा राहून उपरण्याची हालचाल पाही; त्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल त्या कापडाखाली ठरे. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शेतकी आयोगाने १९२८ च्या आपल्या अहवालात बाजारांतील ज्या अनिष्ट प्रथांकडे बोट दाखविले, त्यांत कापडाखाली होणारा हा व्यवहारही होता. पुढे मुंबई प्रांतात १९३९ चा बाजार कायदा आला आणि राज्यस्थापनेनंतर १९६३ चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायदा. उघड लिलावाचे तत्त्व या कायद्यांनी व नियमांनी प्रस्थापित केले. भाव मोठ्याने पुकारला जावा, तो शेतकऱ्याला ऐकू यावा, एवढीच ती मागणी. तरीही आंब्यासारख्या मालाच्या घाऊक व्यापारात रुमाल लवकर सुटला नाही, आणि त्याविरुद्धच्या तक्रारी पुढील कैक वर्षे वर्तमानपत्रांतून येत राहिल्या.

या इतिहासाचा धडा स्पष्ट आहे. ज्यांना खुणा कळतात ते आत, ज्यांना कळत नाहीत ते बाहेर. जेथे हितसंबंध गुंतलेले असतात तेथे खुणेवर विसंबून चालत नाही. तेथे शब्द मोठ्याने उच्चारावा लागतो. बाजारातील उपरणे कायद्याने दूर केले. कचेऱ्यांतील टेबलांवर मात्र एक अदृश्य उपरणे अजून पसरलेले आहे. "कळलं ना?" या प्रश्नाला हललेली मान त्याच उपरण्याखाली झालेला सौदा असते.

अंतराची भाषा

एडवर्ड हॉल या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसामाणसांतील अंतराचा अभ्यास ग्रंथरूपाने मांडला. अमेरिकेतील मध्यमवर्गीयांच्या निरीक्षणावरून त्याने अंतराचे टप्पे पाडले. दीड फुटाच्या आत जिवलग, तेथून चार फुटांपर्यंत स्नेही, बारा फुटांपर्यंत कामकाजाचे संबंध आणि त्यापलीकडे सार्वजनिक व्यवहार. अंतर हीही एक भाषा आहे, हा त्याचा सिद्धांत. त्या देशातील वाचकांना तो नवा वाटला असेल. आपल्या देशात अंतराचे व्याकरण शतकानुशतके काटेकोरपणे पाळले गेले आणि ते माणसांच्या देहांवर कोरले गेले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत साताऱ्याच्या शाळेतील आठवण नोंदविली आहे. त्यांना वर्गात वेगळे, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. तो तुकडा शाळेची झाडलोट करणारा नोकर शिवत नसल्याने रोज घरी न्यावा आणि आणावा लागे. तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसला तर नाही. त्या वर्गात कोणी काही बोलण्याची आवश्यकताच नव्हती. गोणपाटाची जागा आणि नळापासूनचे अंतर हेच त्या व्यवस्थेचे वक्तव्य होते. म्हणूनच १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी घेण्याची कृती शंभर भाषणांहून अधिक बोलकी ठरली. त्याच वर्षाच्या अखेरीस महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची रीत बदलण्याचा, ओळखीची जुनी चिन्हे टाकून देण्याचा उपदेश केला, तोही याच जाणिवेने. देहावर लादलेली वाक्ये देहानेच पुसावयाची होती.

अस्पृश्यता घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने नष्ट केली. परंतु कोणाला पाहून खुर्चीतून उठावयाचे आणि कोणाला उभे ठेवूनच बोलावयाचे, कोणाला 'या, बसा' म्हणावयाचे आणि कोणाकडे कागदावरून नजर न उचलता 'काय आहे?' असे विचारावयाचे, या सवयी कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. खेड्यातील ग्रामपंचायतीची सभा पाहावी. निवडून आलेली सरपंच बाई खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसते आणि तिचा पती पाठीशी उभा राहून बोलतो, हे चित्र बदलू लागले आहे. तरी ते पुरते पुसले गेलेले नाही. अधिकार कागदावर एका दिवसात मिळतो. देहाला तो शिकावा लागतो, आणि भोवतालच्या देहांनी तो मान्य करावा लागतो.

एक कोयता, दोन माणसे

ऊसतोडीच्या व्यवहारात 'कोयता' हे अवजाराचे नाव आहे आणि मजुरांच्या मोजणीचे एककही. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो ती कोयत्याला. आणि व्यवहारात ती बहुधा पुरुषाच्या हाती पडते. बोलणी पुरुषाशी होतात, अंगठा किंवा सही त्याची होते. मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन गाडीत चढविणारी बाई त्या वेळी मागे उभी असते. ती काही बोलली नाही, म्हणजे तिची संमती आहे, असे गृहीत धरले जाते. ज्या व्यवहाराने तिच्या पुढील सहा महिन्यांचा प्रत्येक दिवस ठरतो, त्यात तिच्याकडून अपेक्षा असते ती केवळ गप्प राहण्याची.

मौन हे संमतीचे लक्षण मानण्याची आपली जुनी परंपरा आहे. बरोबरीच्या दोन माणसांत ती कदाचित चालून जाईल. एक जण देणारा आणि दुसरा घेणारा, एक जण जाणता आणि दुसरा अजाण असे असेल, तेव्हा मौन हे संमतीचे नव्हे तर असहायतेचे लक्षण असू शकते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांवरील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाला दारिद्र्य, कामाचे स्वरूप, आरोग्यसेवेतील उणिवा असे अनेक पदर आहेत. त्यांतील एक पदर मात्र थेट या विषयाशी निगडित आहे. डॉक्टरने सांगितले, बाईने मान हलविली, कागदावर अंगठा उमटला. याला संमती म्हणावयाचे काय? शस्त्रक्रियेला पर्याय काय, न केल्यास काय होईल, केल्यास पुढे काय होईल, हे तिला समजले होते, हे त्या हललेल्या मानेवरून सिद्ध होते काय?

हीच गोष्ट मुलांची. आई-बापांबरोबर कोपीवर आलेले मूल जवळच्या शाळेत बसविले जाते. अशा मुलांसाठी साखरशाळांचे प्रयोग झाले, कोपीवर जाऊन शिकविण्याचे प्रयत्न झाले आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा अधिकारही दिला. परंतु वर्गात शिरल्यावर पुढे काय? ते मूल शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसते. गुरुजींनी प्रश्न विचारला की पाटीत तोंड खुपसते. दुपारी झोपी जाते. 'लक्ष नाही', 'मंद आहे', असा शेरा मारणे सोपे असते. पहाटेच्या अंधारात आई-बाप फडात गेल्यावर धाकट्या भावंडाला ते सांभाळत होते, याची नोंद कोणत्याही हजेरीपटात नसते. ती केवळ त्याच्या डोळ्यांत असते. ती वाचणारा शिक्षक भेटला तर ते मूल टिकते, न भेटला तर हंगाम संपण्यापूर्वीच त्याची जागा रिकामी होते. पाठ्यपुस्तक वाचणे हे शिक्षकाचे अर्धे काम. चेहरे वाचणे हे उरलेले अर्धे.

हात वर, हात खाली

सार्वजनिक जीवनात देहाच्या भाषेचा दबाव किती असतो, हे पाहावयाचे तर सभेत जावे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांत विषय वाचला जातो, पुढच्या रांगांतून 'मंजूर, मंजूर' असा घोष होतो आणि पुढचा विषय पुकारला जातो. मागच्या रांगेतील सभासदाला शंका असली तरी ती विचारण्यासाठी त्याला सर्वांच्या देखत उभे राहावे लागते. शेकडो माना त्याच्याकडे वळतात. त्या वळलेल्या मानांचे वजन ज्याने अनुभवले आहे, त्याला बसून राहण्याचा मोह का होतो, हे सांगावे लागत नाही.

हात वर करून दिलेले मत आणि गुप्त मत यांतील फरक नेमका हाच आहे. उंचावलेला हात दिसतो, तसाच न उंचावलेला हातही दिसतो. गुप्त मतदानाचा पडदा म्हणजे देहाला बोलण्यापासून दिलेले संरक्षण. महाराष्ट्रात दारूचे दुकान बंद करण्यासाठी २००८ च्या आदेशाने जी मतदानाची पद्धत आणली, तीत हा विचार उत्तम रीतीने उतरला आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हावे असे वाटत असेल तर आडव्या बाटलीवर शिक्का मारावयाचा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही खूण समजते, आणि पडद्याआड असल्यामुळे पतीची, दिराची वा दुकानदाराची नजर तिच्या हातावर नसते. येथे खूण आहे, पण तिचा अर्थ आधीच उघडपणे सांगितलेला आहे. येथे गुप्तता आहे, पण ती दुर्बळाच्या बाजूने आहे. उपरण्याखालच्या सौद्याच्या ही अगदी उलट रीत होय.

नजर वाचण्याची घमेंड

देहबोलीचे महत्त्व सांगता सांगता एका भ्रमाचाही समाचार घेतला पाहिजे. संभाषणातील त्र्याण्णव टक्के अर्थ आवाज आणि चेहरा यांतून पोहोचतो, शब्दांचा वाटा केवळ सात टक्के, असे विधान प्रशिक्षणवर्गांतून नेहमी ऐकू येते. त्याचे मूळ अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग सुटे शब्द, ते उच्चारण्याचा सूर आणि चेहऱ्याची छायाचित्रे यांच्या साहाय्याने केलेले होते. आवड-नावड व्यक्त करताना शब्द आणि सूर यांत विसंगती असेल तर ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, एवढाच त्यांचा विषय होता. सर्व संभाषणाला हे आकडे लागू नाहीत, असे स्वतः मेहराबियनने म्हटले आहे. शब्दांचे मोल सात टक्के असते, तर शाळा, न्यायालये आणि वर्तमानपत्रे बंदच करावी लागली असती.

त्याहून घातक भ्रम म्हणजे चेहऱ्यावरून खोटे ओळखता येते, हा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात अशा प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. लोक खरे-खोटे ओळखण्यात सरासरी सुमारे ५४ टक्के वेळा बरोबर ठरले. नाणे उडवून निर्णय केला तरी ५० टक्के बरोबर येतील. तरीही नजर चुकवली म्हणजे चोर, हात थरथरला म्हणजे लबाड, हे निदान चौकीपासून मुलाखतीच्या दालनापर्यंत बिनदिक्कत केले जाते. बारामती-इंदापूरच्या खेड्यात वाढलेल्या मुलाला वडीलधाऱ्यांच्या नजरेला नजर भिडवू नये, असे घरी शिकविलेले असते. सोमेश्वरनगरच्या काकडे महाविद्यालयासारख्या ग्रामीण महाविद्यालयांतून घरातील पहिला पदवीधर होऊन असा मुलगा पुण्याच्या मुलाखतीस जातो, तेव्हा त्याची खाली झुकलेली नजर 'आत्मविश्वासाचा अभाव' म्हणून नोंदली जाते. घरी जो विनय होता, तो शहरात उणीव ठरला. मुलाने नजर उचलावयास शिकावे, हे योग्यच आहे. पण झुकलेल्या नजरेत विनयही असू शकतो, हे मुलाखत घेणाऱ्यांनीही शिकावयास नको काय?

प्रश्नाची जबाबदारी

मग उपाय कोणता? तो दीडशे वर्षांपूर्वीच्या एका खटल्यात सापडतो. १८८५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे अब्दुल्ला नावाच्या आरोपीचा खटला आला. दुलारी नावाच्या स्त्रीचा गळा कापण्यात आला होता. ती शुद्धीवर होती, पण बोलू शकत नव्हती. तिच्यापुढे एकेक नाव घेऊन विचारण्यात आले आणि तिने हाताच्या खुणेने होय किंवा नाही असे उत्तर दिले. पुढे तिचा मृत्यू झाला. खुणेने दिलेले हे उत्तर पुरावा म्हणून ग्राह्य धरावे काय, हा प्रश्न होता. विचारलेला प्रश्न आणि त्याला उद्देशून केलेली खूण ही एकत्र घेतली तर ते विधानच होते, असा बहुमताचा निर्णय झाला. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने उघड न्यायालयात खुणांनी दिलेली साक्ष भारतीय पुरावा कायद्याने तोंडी पुराव्याच्या बरोबरीने मानली. २०१३ च्या दुरुस्तीने तीत दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत आणि चित्रीकरण यांची जोड दिली, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे.

खूण एकटी कधीच पुरी नसते. प्रश्न आणि खूण मिळून अर्थ होतो, हे या निर्णयाचे सार आहे. याचा अर्थ असा की, खुणेची निम्मी जबाबदारी प्रश्न विचारणाऱ्यावर येते. दुलारीला "कळलं ना?" असे विचारले असते आणि तिने हात हलविला असता, तर त्यातून काहीच सिद्ध झाले नसते. नेमका प्रश्न विचारला म्हणून तिच्या मुक्या हाताला वाचा फुटली.

टेबलामागे बसणाऱ्या प्रत्येकाला हे करता येण्याजोगे आहे. "कळलं ना?" हा प्रश्न सोडून द्यावा, कारण त्याचे उत्तर नेहमी 'हो' असेच असते. "आता घरी गेल्यावर गोळ्या कशा घ्याल, ते सांगा," "हे पैसे कधी आणि किती परत करावयाचे, तुमच्या शब्दांत सांगा," "या गणितात पहिली पायरी कोणती, ते म्हणून दाखव," असे विचारावे. मानेच्या हालचालीने ज्याचे उत्तर देता येत नाही, तो खरा प्रश्न. त्याआधी समोरच्याला बसावयास सांगावे. उभा माणूस घाईत उत्तर देतो. कागदावरून नजर उचलून दोन क्षण थांबावे. अंगठा उमटविण्यापूर्वी मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा, जसा लिलावात भाव मोठ्याने पुकारतात. यासाठी नवा कायदा नको, अनुदान नको, परिपत्रकही नको. एक जास्तीची खुर्ची आणि दोन मिनिटे पुरतात.

रांग मोठी असते, कामाचा बोजा असतो, कारकुनालाही वरच्या साहेबापुढे मान हलवावी लागते, हे सारे खरे. किंबहुना म्हणूनच ही गोष्ट त्याला इतरांहून लवकर समजावी. वरिष्ठाने झापले असता आपण ज्या अर्थाने मान हलवितो, त्याच अर्थाने समोरची बाई मान हलवीत आहे, एवढे त्याच्या ध्यानात आले तरी पुष्कळ झाले. हंगाम संपेल, कोप्या मोडल्या जातील आणि गाड्या पुन्हा आपापल्या गावांकडे वळतील. जाताना त्या गाडीत बसलेल्या बाईला आपण कशाला 'हो' म्हणून आलो, हे ठाऊक असावे, एवढी अपेक्षा काही फार मोठी नाही.